तीन गाड्यांची सावड

बेलपठारात आवणीची सावड काळूराम ठरवायचा. ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की भाताची रोपं उपटून खाचरात लावायची, म्हणजे आवणी करायची, ती आठ-दहा दिवसांत उरकावी लागते, आणि एका घराच्या हातांनी ती उरकत नाही. म्हणून सावड, म्हणजे आज दहा घरं माझ्या शेतात राबणार आणि उद्या मी त्यांच्या. पैसा द्यायचा नाही, कागद करायचा नाही. तुझ्या घरचे दोन दिवस माझ्याकडे आले की माझे दोन दिवस तुझ्याकडे गेले पाहिजेत. कोणाच्या शेतावर कधी जायचं, कोण किती माणसं आणणार, कोणाचे किती दिवस फिटले, हे सगळं काळूरामच्या डोक्यात असे. चाळीस वर्षांत त्याने कोणाचा अर्धा दिवससुद्धा बुडवला नव्हता. एका साली ऐन आवणीत त्याला कावीळ झाली, तर त्याने मुरबाडहून मेव्हण्याला बोलावून आपले दिवस फेडायला लावले. मेव्हण्याला त्याचा राग अजून आहे.

त्यामुळे काळूरामच्या शब्दाला गावात वजन होतं. शहापूरहून मुरबाडला जाताना किन्हवली सोडली की आत वळणारा एक रस्ता आहे, त्याच्या टोकाला हे गाव. पाच-सहा वाड्या-पाडे मिळून एक ग्रामपंचायत. तिथे कोणाचं वजन असून असून किती असणार? पण होतं, आणि खरं सांगायचं तर काळूरामला त्याचा थोडा माजही होता. स्वतःच्या तोंडाने तो कधी बोलला नसता, पण कोणी म्हटलं, ‘दादा म्हणाले म्हणजे झालं’, की त्याची मान जराशी ताठ व्हायची. पारू, म्हणजे त्याची बायको, ते बघून हसायची.

गेल्या हिवाळ्यात सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि काळूरामची सून भूमिका उभी राहिली. नवरा सुयोग रोज आसनगावहून कल्याणला कामाला जाणारा, त्याला या भानगडीत रस नव्हता. पण भूमिका बारा वर्षं बचतगट चालवत होती आणि सगळ्या पाड्यांतल्या बायका तिला ओळखत होत्या. तिने फार मोठी आश्वासनं दिली नाहीत. गावाच्या वर एक पाझर तलाव आहे. रोजगार हमीच्या कामावर गावानेच तो बांधला, काळूरामनेही तिथे दगड वाहिले होते. तलावात पाणी असलं की त्याखालच्या पाड्याची विहीर मे महिन्यापर्यंत टिकते, नसलं की मार्चमध्येच टँकर. भातसाचं धरण काही फार लांब नाही, पण ते पाणी मुंबईचं. तलावातला गाळ काढू आणि त्याचं पाणी खालच्या पाड्याच्या विहिरीसाठीच राखू, एवढंच भूमिका म्हणत होती.

समोरच्या पॅनेलमागे कल्याणचा एक खडीवाला होता. त्यांच्याकडे पाच गाड्या, टीशर्ट, रोज संध्याकाळी मटण. भूमिकेने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की कोणाचा एक रुपया घ्यायचा नाही. मग प्रचार कसा करायचा? काळूरामने त्याला सुचलं तसं केलं. प्रत्येक घराने एक माणूस एक दिवस द्यायचा, त्याने पाड्यापाड्यावर भूमिकेबरोबर फिरायचं, आणि तो दिवस काळूराम पुढच्या आवणीत त्यांच्या शेतात फेडणार. लोकांना गंमत वाटली. निवडणुकीची सावड आजवर कोणी ऐकली नव्हती. पण माणसं आली. हाताने लिहिलेली पत्रकं घेऊन ती उन्हातान्हात फिरली, आणि भाकऱ्या पारूने थापल्या.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. खालचा पाडा रिकामा होता. उन्हाळ्यात पाणी नाही, हाताला काम नाही, म्हणून दिवाळी झाली की तिथली बहुतेक घरं कुलूप घालून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती थेट आवणीच्या तोंडावर परततात. ज्यांच्या पाण्यासाठी भूमिका उभी होती त्यांचीच मतं पंचवीस भट्ट्यांवर पांगलेली. त्यांना शोधायचं, मालकाशी बोलून दोन दिवसांसाठी सोडवायचं, आणायचं आणि परत पोचवायचं. पायी हिंडणाऱ्या सावडीच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

नेमका त्याच सुमारास दिपेश काळूरामच्या घरी आला.

दिपेश भिवंडीकडचा. आजा-बाप शेतकरी. त्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि पोरगा शेठ झाला. वर्षभरापूर्वी त्याने तलावाच्या पलीकडचा बावीस एकर माळ घेतला, तारेचं कुंपण घातलं आणि फार्महाऊसच्या प्लॉटचा बोर्ड लावला. गावाने त्याला गाडीच्या काचेतूनच पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र तो बूट बाहेर काढून आत आला, काळूरामच्या पाया पडला, खाली घोंगडीवर बसला आणि बशीत ओतून चहा प्यायला. मग म्हणाला की वहिनींसारखं माणूस निवडून यायला हवं, आणि त्यासाठी जो काय खर्च लागेल तो तो करायला तयार आहे. भूमिका आतल्या दारात उभी होती. तिने तिथूनच नको म्हणून सांगितलं.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. दिपेश हसला.

“पैसे नका घेऊ वहिनी. माझ्या तीन गाड्या उभ्याच आहेत, त्या चालवा,” तो म्हणाला आणि काळूरामकडे वळला. “काका, आमच्याकडेपण आवणी व्हायची. मी लहानपणी आज्याबरोबर गेलोय. सावड समजा.”

एवढा पैसेवाला माणूस, त्याच्या तोंडी तो शब्द! काळूराम विरघळला. त्याला वाटलं, हा आपल्यातला आहे. शिवाय त्याला खालच्या पाड्याची बंद घरं दिसत होती आणि समोरच्या पाच गाड्याही दिसत होत्या. पैसे घेतले तर मिंधेपणा. सावड घेतली तर त्यात कसला मिंधेपणा? सावड ही तर बरोबरीच्या माणसांत होते. चार माणसांदेखत तो म्हणाला, “पैसं म्हणून नाय घेत. सावड म्हणून घेतो. आन् सावड फेडली जाईल.”

दिपेश गेला. कपबशा उचलताना भूमिकेने विचारलं, ही सावड फेडायची कशाने? काळूराम म्हणाला, फेडू की, आजवर कोणाची ठेवलीय? पारू चुलीपाशी होती. तिने मान वर न करता विचारलं, “त्याच्याकडं आवणी हाय कुठं आता? गोदामात भात लावतो का तो?” काळूरामने ते हसण्यावारी नेलं. बायकोचं खरं असलं की हसण्यावारी न्यायचं, ही त्याची जुनी सवय होती.

तीन गाड्या आणि त्यांचे तीन ड्रायव्हर अकरा दिवस गावात राहिले. त्यांनी भट्ट्या पालथ्या घातल्या. मालकांना काय सांगितलं कोण जाणे, पण माणसं सुटली. पाड्यावरची सर्वांत म्हातारी सकुबाई नातवंडांना घेऊन गाडीच्या पुढच्या सीटवर बसून आली, आणि तिने मत टाकलं. भूमिका अडतीस मतांनी निवडून आली. ही अडतीस मतं कुठून आली ते सगळ्या गावाला माहीत होतं.

निवडणूक झाल्यावर खर्चाचा फॉर्म भरायचा असतो. भूमिकेने प्रामाणिकपणे त्यात लिहिलं, ‘तीन गाड्या, अकरा दिवस, सावडीने.’ शहापूरच्या कचेरीतला कारकून तो फॉर्म दोनदा वाचून म्हणाला की भाडं असा रकाना आहे, देणगी असा आहे, सावड असा रकाना नाही. मग ती कशात लिहायची? त्याने डोकं खाजवलं आणि सांगितलं की रकाना नाही तर खोडा. भूमिकेने ते खोडलं, पण घरी येऊन तिने काळूरामला विचारलं, “बाबा, ती देणगी होती का भाडं?” काळूराम चिडला. तो म्हणाला, सरकारला शेतीतलं काय कळतं?

एप्रिलच्या मध्याला दिपेश पुन्हा आला. पुन्हा बूट बाहेर, पुन्हा बशीतला चहा. या वेळी त्याच्या हातात एक कागद होता. ग्रामपंचायतीच्या ठरावाचा मसुदा वकिलाकडून नीट टाइप करून आणलेला होता. पाझर तलावातून पाइपलाइनने बावीस एकरांच्या प्लॉटना पाणी घ्यायला ग्रामपंचायतीची हरकत नाही, असा त्याचा मतलब. बोर मारून पाहिल्या, पण पाणी लागलं नाही, आणि लोकांनी प्लॉट बुक केलेत, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं. त्याने आवाज चढवला नाही. गाड्यांचं नावही काढलं नाही. जाताना फक्त म्हणाला, “काका, मी काही मागत नाही. सावड तुम्ही म्हणालात, म्हणून आलो.”

त्या दिवसापासून काळूरामला अन्न गोड लागेना. ठराव झाला तर खालच्या पाड्याची विहीर फेब्रुवारीतच आटणार. तलाव त्याने बांधलेला, त्याचं पाणी किती आणि कुठे झिरपतं ते त्याला हाताच्या रेषांसारखं पाठ. आणि ठराव नाही झाला तर त्याने चार माणसांदेखत दिलेला शब्द बुडणार. चाळीस वर्षांत अर्धा दिवस न बुडवलेला माणूस, तो सरपंचाचा सासरा झाल्यावर बुडवणार! त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती कोणत्या बाजूने वाटतेय हेच त्याला समजत नव्हतं.

भूमिका सरळ होती. तिने सांगितलं की ती या कागदावर सही करणार नाही. खुर्ची गेली तरी चालेल. “पण शब्द तुमचा आहे बाबा,” ती म्हणाली. “एक मेच्या ग्रामसभेत हा विषय मी घेते. तिथं तुम्हीच बोला.”

एक मेला शाळेच्या ओसरीत ग्रामसभा भरली. झेंडा झाला, मागची कामं वाचून दाखवली, आणि मग भूमिकेने दिपेशचा कागद शब्दाशब्दाने वाचला. दिपेश दाराशी उभा होता. त्याला मत नव्हतं, पण बोलायची परवानगी त्याने मागितली आणि भूमिकेने ती दिली. तो एकच वाक्य बोलला, की काळूरामकाकांनी सावड फेडू म्हणून सांगितलंय आणि तो त्यांच्या शब्दावर आहे. मग सगळी ओसरी काळूरामकडे बघायला लागली. सकुबाई भट्टीवरून पोराच्या आजारपणासाठी आली होती, तीही मागे भिंतीला टेकून बसली होती.

काळूराम उठला. पंधरा दिवस त्याने याच क्षणाचा विचार केला होता.

“सावड हाय,” तो म्हणाला, “आन् ती फेडनार.” त्याने बोटांवर मोजायला घेतलं. “पन सावड मानसानं मानसाची फेडायची. तीन गाड्यांबरोबर तीन मानसं आली, अकरा दिवस राबली. म्हंजे तेहतीस दिवस झालं. शेठच्या जाग्यावर आमची तेहतीस दिवसांची सावड. पान्याची सावड या गावात कधी झाली नाय.”

ओसरीत आधी हशा, मग टाळ्या. एकाने काळूरामच्या पाठीवर थाप मारली. दिपेशही हसला, मनापासून हसला असं वाटलं. “मान्य,” तो म्हणाला. “माझ्या जागेवर काम आहेच. या कधीही.” ठराव बारगळला. त्या दुपारी काळूराम घरी आला तो पुन्हा मान ताठ करून.

मे संपताना अकरा माणसं तीन दिवसांसाठी निघाली. काळूराम, पारू, गावातल्या सात घरांतला एकेक, आणि खालच्या पाड्यावरून भट्टीवर परत न गेलेली सकुबाई आणि तिचा पुतण्या कोंडू. सकुबाईने यायची गरज नव्हती, सत्तरीची बाई ती. पण ती म्हणाली, गाडीत बसून मत द्यायला मीही आले होते. तिच्या मते त्याचाही दिवस तिला फेडायचा होता.

दिपेशच्या माळावर मुकादम वाट बघत होता. त्याने कुदळी-फावडी वाटली आणि जमिनीवर फक्कीने मारलेली पांढरी रेघ दाखवली. रेघ नव्या बांधलेल्या टाकीपासून निघून माळ कापत सरळ जात होती. तिच्यावरून दोन हात रुंद, कंबरभर खोल चर खणायचा होता. बाजूला आंब्याखाली एक जेसीबी उभा होता. तो चालू केला असता तर तासाभरात काम झालं असतं. काळूरामने मुकादमाला तसं विचारलं. मुकादम म्हणाला, शेठनी सांगितलंय हाताने करायचं. मग त्याने मोबाइल काढला आणि कुदळी घेतलेल्या गावकऱ्यांचे फोटो काढले, एक उभा, एक आडवा.

रेघ कुठे जाते ते काळूरामला पहिल्या नजरेत कळलं होतं. कुंपणाच्या पलीकडे तलावाचा बांध होता. त्याच्या हातचे दगड होते त्यात. फोटो कशाला काढले तेही कळलं. गावाने स्वतःच्या हाताने चर खणला, असं कागदोपत्री चित्र उभं राहिलं की ठराव आज ना उद्या करावाच लागेल. महिन्याच्या सुरुवातीला ज्या हुशारीला टाळ्या पडल्या होत्या, तिच्यावर दिपेशने शांतपणे पाणी फिरवलं होतं. सावडीचा नियमच तसा आहे. शेत ज्याचं, काम त्याने सांगायचं. आवणीला आलेला माणूस बांधावर उभा राहून मी इथे लावणार नाही, तिथे लावीन, असं म्हणू शकत नाही. हा नियम चाळीस वर्षं काळूरामनेच लोकांना ऐकवला होता.

म्हणून तो खणत राहिला.

मनातल्या मनात तो स्वतःशी भांडत होता. शब्द दिलाय, फेडून टाकू, पुढचं पुढे. ठरावावर तर भूमिका सही करणार नाही ना, मग नुसता चर काय करतो? असं तो स्वतःला समजावत होता आणि प्रत्येक घावाला त्याला ते खोटं वाटत होतं. ऊन चढलं. पारू दोन वेळा त्याच्याकडे बघून पुन्हा कामाला लागली. कोणी काही विचारलं नाही, कारण काळूराम सांगेल ते काम, ही सगळ्यांची सवय.

दुपार जवळ आल्यावर त्याने घाम पुसायला मान वर केली. शेजारी सकुबाई चरात उतरली होती. तिने नऊवारी खोचली होती आणि ती फावड्याने माती ओढून वर टाकत होती, एका लयीत, न थांबता, आवणीला येऊन उभ्या राहिलेल्या बाईसारखी. चर तिच्याच विहिरीचं पाणी न्यायला चालला होता. तिला ते कळत नव्हतं असं नाही. रेघ तिलाही दिसत होती. पण काळूरामने शब्द दिला होता, आणि तो शब्द आता ती फेडत होती.

काळूरामने कुदळ खाली ठेवली. त्याला एवढं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. त्याने हात देऊन सकुबाईला चरातून वर काढलं आणि सगळ्यांना म्हणाला, थांबा.

तेवढ्यात दिपेश आला. बरोबर जेवण आणलं होतं, कारण सावडीत जेवण शेतवाल्याने द्यायचं असतं. तेवढी रीत त्याने चोख पाळली होती. पुलाव, पापड, थंड ताक. काळूराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“शेठ, मी सावड मोडतो,” तो म्हणाला. “आता याच्या पुढं एक घाव नाय. वाटंल त्याला सांगा, काळूरामनं सावड मोडली.”

दिपेशने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि काळूरामला तेच जास्त लागलं.

“मी कोणाला कशाला सांगू काका? मला त्याचा काय उपयोग?” तो म्हणाला. “शब्द वगैरे ते तुमचं. मी गाड्या दिल्या होत्या. पुढच्या खेपेला समोरच्यांना देईन.” मग त्याने मुकादमाला ताटं लावायला सांगितली आणि म्हणाला, “उन्हाचे उपाशी जाऊ नका, जेवून जा.”

कोणी जेवलं नाही. परतताना सगळे माळ उतरले. काळूराम सगळ्यांत मागे चालत होता. महिना-दीड महिना ज्या शब्दापायी त्याला अन्न गोड लागलं नव्हतं, त्या शब्दाचं दुसरं टोक कोणी धरलेलंच नव्हतं. आता त्याला उमगत होतं. माझ्या खाचरात तू आणि तुझ्या खाचरात मी, हे जमतं ते आपण दोघं एकाच आठवड्यात अडलेले असतो म्हणून. दिपेश कधी अडलेला नव्हताच. त्याच्या आंब्याखाली जेसीबी होता, आणि गावात एक सोडून दोन पॅनेलं होती. अशा माणसाकडून घेतलेल्या मदतीला आपल्या घरातलं चांगलं नाव दिलं, एवढंच काळूरामने केलं होतं. ती सावड कोणत्या रकान्यात घालायची ते कारकुनाला सुचलं नव्हतं, पण रकाना होता. देणगी. भूमिकेने विचारलं तेव्हाच त्याने तो मान्य करायला हवा होता.

जुलै उजाडला. राबात पेरलेली रोपं तरारून वर आली आणि आवणीची सावड बांधायला माणसं शाळेच्या ओसरीत जमली. भट्ट्यांवरून खालचा पाडाही परतला होता. दर साली काळूराम मधे बसायचा आणि बोटांवर दिवस मोजत नंबर लावायचा. या साली तो कडेला खांबाशी बसला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, तेव्हा त्याला बोलावंच लागलं. तो म्हणाला की नंबर आता सावडीतल्या जुन्या देवजीने लावावेत. सावड मोडलेल्या माणसाने सावड लावू नये. आणि माझं घर यात धरू नका. प्रचाराचे जे दिवस माझ्यावर आहेत ते मी ज्याच्या त्याच्या शेतात येऊन फेडीन, पण माझ्या शेतात कोणाला बोलावणार नाही. मुरबाडहून रोजाने माणसं आणीन.

लोक गडबडले. देवजी म्हणाला, असं कसं, त्या भिवंडीवाल्याची मोडली ती काय मोडली म्हणायची? दोघा-तिघांनी त्याची री ओढली. काळूरामने गावासाठीच केलं, उलट त्याचा सत्कार करायला हवा, असंही कोणी म्हणालं. भूमिका सरपंच म्हणून समोर बसली होती. काळूरामला ते सगळं ऐकून आणखी लाज वाटत होती. सत्कार नको होता. त्याला काय हवं होतं ते त्याला सांगता येत नव्हतं.

सकुबाई भिंतीशी बसली होती. बैठकीला ती यायची, पण आजवर कधी बोलली नव्हती. या वेळी तिने बसल्या जागेवरूनच आवाज दिला.

“काळूराम, मोडलीस ती बरी केलीस. पन बांदलीस ती आमाला इचारून बांदली काय रे?” माना तिच्याकडे वळल्या. “पानी आमचं. त्या पान्याकडं नजर ठेवून गाड्या आल्या, त्याच गाड्यांत आमी बसून आलो. तू कोन सावड म्हननार?”

“चुकलं,” काळूराम म्हणाला.

“चुकलं ना? मंग सावडीबाहेर कशाला जातंस? दंड घे आन् आत ये. या साली तुजं शेत शेवटाला. आदी आमचं समदं होऊं दे.”

शेवटचा नंबर म्हणजे काय हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तोवर राब जुना होतो, रोपाला पेरं धरतात, लावलेल्या भाताला फुटवा कमी येतो. काळूरामच्या शेतात या साली निदान चार-पाच मण भात कमी होणार होतं. देवजीने तोंड उघडलं, पण भूमिकेने हाताने त्याला थांबवलं. ती सासऱ्याकडे बघत होती.

काळूरामने मान हलवली. सोडून दिलं असतं तर तो सुटला असता, पण मग लोकांनी त्याला फक्त वाईट वाटू नये म्हणून आत घेतलं असतं. म्हातारीने त्याला दंड केला होता. दंड आपल्या माणसाला करतात. शेवटी का होईना, त्याचं शेत सावडीत होतं, आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटलं. त्याने विचारलं, उद्या पहिलं शेत कोणाचं?

“माजं,” सकुबाई म्हणाली. “पारूला पन आन.”

सकुबाईचं शेत ते काय, पाड्याखाली दोन खाचरं. दुसऱ्या दिवशी काळूराम आणि पारू पोचले तेव्हा ती गुडघाभर चिखलात उभी होती आणि पाऊस तिच्या इरल्यावर वाजत होता. तिने त्यांना या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. काळूराम खाचरात उतरला तेव्हा तिने रोपांची एक जुडी त्याच्या हातात दिली आणि कुठून लावायला सुरुवात करायची ते बोटाने दाखवलं.